थोरल्याचं पान

सौदीत अबकैकला मुलाकडे आले की दुपार मला खायला उठते. त्या दुपारी मात्र शेजारीण दारात उभी. मेक्सिकोची बाई, नवरा मुलाच्याच प्लांटमध्ये. काखेत लॅपटॉप, डोळे सुजलेले.

तिचं इंग्रजी सून मला सांगत होती. तिकडे तिच्या आईचं काही खरं नव्हतं. आईचा एकच हट्ट, मला माझ्या आजीशेजारी पुरा. ही आजी म्हणजे आईच्या बापाची आई. विधवा झाल्यावर ती माहेरी गेली आणि तिथेच मेली. ते माहेर कुठलं, कुणालाच ठाऊक नाही. आणि तिकडे शेजारणीचा भाऊ आजच कबरीची जागा ठरवणार होता.

तिथली चर्चं स्पॅनिश राज्यापासून बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवतात. आमच्या वसईत पोर्तुगीजांपासून, तसंच. त्या पानांचे फोटो लॅपटॉपवर होते. आजीच्या सासरच्या चर्चमध्ये बापाचं पान सापडलं होतं, पण आजीचं माहेर लिहिलेलं असणार ते अर्धं वाळवीने खाल्लेलं.

"बाप कितवा?" मी विचारलं.

"शेवटचा."

"मग त्याचा थोरला भाऊ शोध. पहिलं बाळंतपण माहेरी, बाप्तिस्माही तिथल्याच चर्चमध्ये. आजूबाजूची गावं बघ."

"आई, त्यांच्यात तसं नसतं म्हणते ही," सून म्हणाली.

"आजीला विचारायला गेली होती का ही?"

सुनेने डोळे वटारले. तरी दोघी बघायला लागल्या. एक गाव, दुसरं, तिसरं. काही नाही. फोन वाजला. भाऊ. शेजारणीने तो कापला.

"तुमच्यामुळे वेळ गेला," सून मला म्हणाली आणि चिडून सासरच्याच चर्चची मागची पानं उघडली. थोरला तिथेच निघाला. माझं म्हणणं साफ चुकलं होतं. पण ते पान धड होतं, आणि थोरल्याच्या नावाखाली आजीच्या आईबापांची नावं होती, गावासकट.

फोन परत वाजला. तिने गावाचं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. ते गाव डोंगरात, दिवसभराच्या वाटेवर, असं ती सुनेला पुटपुटली. फोनमधून हॉस्पिटलचं मशीन तेवढं ऐकू येत होतं. मला त्या भावाचा राग आला. हो म्हण किंवा नाही म्हण.

मग तो काहीतरी बोलला आणि तिने लॅपटॉप मिटून सुनेला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाला?" मी सुनेला विचारलं.

"त्याच गावी नेतो म्हणाला. आणि आईच्या कानात ते नाव सांगायला गेलाय."