डावीकडे ओढणाऱ्या दोन गाड्या

बायकोच्या लाल नेलपॉलिशचा खरा उपयोग मला निवृत्तीनंतर कळला. गाडी गॅरेजला न्यायच्या आदल्या दिवशी मी बॉनेट उघडायचो आणि बॅटरी, रेडिएटर, पाण्याचा पंप, झालंच तर चारही चाकांच्या आतल्या बाजूला एकेक ठिपका देऊन ठेवायचो. गाडी परत आली की चष्मा लावून ठिपके तपासायचे. एकही ठिपका कधी गायब झाला नाही. म्हणून माझा संशय फिटला असं मात्र नाही. समोरचा माणूस फार हुशार आहे, एवढाच अर्थ मी काढला.

हा स्वभाव नोकरीतला. वजनमापं तपासणारा निरीक्षक म्हणून माझी सगळी हयात जळगाव आणि धुळ्याच्या बाजारांत गेली. केळीच्या वखारीतले मोठे काटे, सोनाराचा तराजू, रॉकेलचं माप, काही सोडलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमचे वरिष्ठ म्हणाले होते, "काट्याकडे काय बघतोस? काटा बिचारा खरंच सांगतो. तोलणाऱ्याचा हात बघ." ते मी जन्मभर पाळलं. दुकानात शिरलो की नजर आधी पारड्याखालच्या अंगठ्यावर जायची. दुसऱ्यांच्या अंगठ्यांवर, अर्थातच.

अशा माणसाच्या दारात जर्मन गाडी उभी राहिली तेव्हा सगळ्या कॉलनीला खात्रीच पटली की साहेबांनी भरपूर खाल्लंय. खरी गोष्ट अशी की जुन्या जर्मन गाडीला कुत्रं विचारत नाही. नवीन घेणारे घेतात, मिरवतात, आणि पहिलं मोठं काम निघालं की कुणातरी भाबड्याच्या गळ्यात बांधतात. मला पोरवयापासून त्या गाड्यांचं वेड. बाकी सगळ्या बाबतींत मी संशयी, पण या एका बाबतीत भाबडा.

एकीवर भागलं नाही, दोन झाल्या. थोरली गाडी सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडून घेतली. काळी, लांबलचक, बॉनेटवर चांदणी उभी असलेली. तिचं स्टेअरिंग दोन बोटं इकडे तिकडे हललं तरी गाडीला पत्ता नसतो. वळण आलं की आधी ती ऐकून घेते, विचार करते आणि मग वळते. पारोळ्याच्या अलीकडे चौपदरी रस्त्याला लागली की पोटातलं पाणी हलत नाही. धाकटी पांढरी, वयाने दहा वर्षांनी लहान, स्वभावाने तिच्या अगदी उलट. स्टेअरिंग जड आणि तिखट. रस्त्यावरचा खडासुद्धा ती तळहाताला कळवते. पहूरच्या रस्त्यावरच्या वळणांत तिला सोडली की मी सत्तरी गाठली आहे हे विसरायला होतं. थोरली प्रवास करवते, धाकटी गाडी चालवायला लावते. दोघींपैकी कुठली चांगली असं कुणी विचारलं तर मी उत्तर देत नाही, कारण विचारणाऱ्याला ती विकत घ्यायची असणार असं मला वाटतं.

खानदेशचं ऊन या गाड्यांना मानवत नाही. लोखंडाला काही होत नाही, पण रबर मरतं. पाइप तडकतात, खालच्या रबरी बुशांचा भुगा होतो, काचा अर्ध्यावर अडकतात. जळगावात या कामाला हात घालणारा कुणी नव्हता. धुळ्याला एक जण भेटले. आता सत्तरीचे, सडपातळ, सगळे त्यांना आबा म्हणत. मीही म्हणू लागलो. बारा वर्षं मी दर दोन महिन्यांनी कुठली तरी एक गाडी घेऊन त्यांच्याकडे जात होतो. ते मला साहेब म्हणत. गाडीखालून बाहेर आले की हात पुसत चहा सांगत, आणि मी तो पिता पिता त्यांच्या बोटांवर नजर ठेवून असे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर थोरली डावीकडे ओढू लागली. फार नाही. पण सरळ रस्त्यावर जरा दुर्लक्ष झालं की चाक पांढऱ्या पट्टीकडे सरकायचं. आपल्याकडचा रस्ता डावीकडे उतरता असतो, म्हणून आधी मी रस्त्याला दोष दिला. मग टायरला. टायर बदलले, काही फरक नाही. थोरलीला विश्रांती दिली आणि धाकटी काढली, तर तीही डावीकडे. तेवढीच.

इथे माझ्यातला निरीक्षक जागा झाला. दोन गाड्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वयं वेगळी, चाली वेगळ्या. त्यांना एकाच वेळी एकच आजार होईल कसा? दोघींना लागलेला हात एकच असला तरच होईल. आणि तो हात कुणाचा हे मला माहीत होतं. म्हातारा स्वतःच बिघाड करून ठेवतो आणि स्वतःच दुरुस्त करतो, असं मी घरी जाहीर केलं. बायको शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, तिला पुराव्याची सवय. ती म्हणाली, "बारा वर्षांत त्यांनी तुम्हाला एकदा तरी फसवलंय का?" मी म्हणालो, "सापडला नाही एवढंच."

आबांनी धाकटी खालून वरून पाहिली, मला शेजारी बसवून हायवेला एक फेरी मारली. त्यांच्या हातात ती नाकासमोर चालत होती. गॅरेजवर परतल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मग आपल्या अहिराणीत म्हणाले, "साहेब, गाडीमा काही नही शे. एक डाव डॉक्टरले हात दखाडी या."

मी भडकलो. दुकानदाराचा काटा खोटा निघाला की तो गिऱ्हाइकाची नजर अधू आहे म्हणतो, हे मी शंभरदा ऐकलेलं. "आबा, माझा हात ठीक आहे. तुम्ही तुमचा बघा," असं मी चार माणसांसमोर बोललो. ते खाली मान घालून कामाला लागले. पंधरा दिवसांनी थोरली नेली तेव्हा त्यांनी हाताचा विषय पुन्हा काढला. मी पुन्हा तेच ऐकवलं. दोन्ही गाड्या त्यांनी दोन-दोन दिवस ठेवून घेतल्या, आणि परत आल्या त्या दोन्ही सरळ.

बघ, मी बायकोला म्हणालो. दम दिल्याबरोबर बरोबर झालं की नाही?

चैत्रात सावद्याला एका लग्नाला धाकटी घेऊन गेलो. मला सर्दीने बेजार केलं होतं, गोळी घेतली होती, म्हणून येताना बायकोने गाडी चालवायला घेतली. ती तिची छोटी गाडी रोज चालवते, पण माझ्या या दोघींना कधी हात लावत नाही. भुसावळ यायच्या आत ती म्हणाली, "अहो, ही उजवीकडे जातेय."

"तुला सवय नाही तिची."

"सवयीचा काय संबंध? मी सरळ धरलंय, ही समोरच्या गाड्यांच्या अंगावर जातेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावातल्या चाकांचं अलाइनमेंट करणाऱ्या एका दुकानात गेलो. तिथे कॉम्प्युटर आहे, तो माणसाचं ऐकत नाही. कागद छापून आला. पुढच्या चाकांचा कल मुद्दाम बिघडवलेला, ओढ उजवीकडे. घरी जाऊन थोरली आणली. तिचाही कागद तसाच. दुकानदार म्हणाला, "हे आपोआप होत नाही काका. कुणीतरी बसून केलंय."

खरं सांगतो, मला आनंद झाला. बारा वर्षं ठिपके तपासले त्याचं चीज झालं. मापातलं पाप कागदावर सापडलं होतं. आता त्या माणसाला त्याच्याच गॅरेजात, त्याच्याच माणसांसमोर उघडा पाडायचं, आणि पुन्हा धुळ्याचं तोंड बघायचं नाही, असं ठरवून मी धाकटी घेऊन निघालो. बायको सोबत आली. मी तोंड सोडणार हे तिला माहीत होतं.

आबा स्टुलावर बसून काहीतरी घासत होते. मी दोन्ही कागद त्यांच्या पुढ्यात टाकले. "हे काय आहे?"

त्यांनी कागद उचलले, लांब धरून वाचले आणि मान हलवली. "बरोबर शे. मीच करेल शे."

एवढ्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. सगळे आधी नाहीच म्हणतात. मी काही बोलायच्या आत ते उठले आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी मला साहेब म्हटलं नाही. "भाऊ," ते म्हणाले, "दोन्ही हात पुढे करा. सरय. आते डोया मिटा."

का कोण जाणे, मी हात पुढे केले आणि डोळे मिटले. हे काय नाटक, असं मनात चाललं होतं. हात मी अगदी समांतर धरले होते. तराजूची दांडी समतोल आहे की नाही हे मला डोळे मिटूनही कळतं, जन्म त्यात गेला. गॅरेजमधला हातोडा थांबला. बायकोने श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं.

"आते उघाडा."

डावा हात खांद्याच्या रेषेत होता. उजवा चार बोटं खाली आला होता. मला त्याची गंधवार्ताही नव्हती. मी पाहत असतानाही तो हळूहळू खाली जात होता.

"सहा महिनापाईन चहाना कप तुम्ही डावा हातमा धरतस," आबा म्हणाले. "उजवा हात स्टेअरिंगवर नुसता ठेयेल ऱ्हास. डाव्याना भार पडस, गाडी डावीकडे जास. दोन डाव सांगं, तुम्ही आयकं नही. गाडी चालाडनं तुम्ही सोडनार नही. मंग मी काय करतू? हायवेवर डंपर चालतस."

मग स्टुलावर परत बसत म्हणाले, "तुम्हनी नेलपॉलिश बी आम्ही कधी पुसी नही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सही वेडीवाकडी येत होती, ती मी पेनावर ढकलली होती. शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं, ते शिंप्यावर. आणि दोन गाड्यांना लागलेला एकच हात शोधताना, रोज त्यांच्या स्टेअरिंगवर असलेला हात मी मोजलाच नव्हता. त्या माणसाने माझ्या शिव्या खाऊन, माझ्या नकळत, माझ्या हाताचं कमी पडलेलं वजन गाडीत टाकून ठेवलं होतं. ते बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. बायको त्याच गाडीत एखाद्या डंपरखाली गेली असती. मी तसं बोललोही. आबा म्हणाले, "हो, चुकनंच. त्याची भीती मले रोज वाटे." मग मी माफी मागितली, चार माणसांसमोरच. कारण अपमानही तिथेच केला होता.

"आबा, हिचं माप खरं करा," मी म्हणालो. "आत्ताच. थोरली उद्या पाठवतो."

दीड तास लागला. त्या दीड तासात मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं नाही.

मानेतली एक नस दबली आहे आणि ती कितपत सुटेल हे सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात सांगितलं. त्या दुपारी ते काहीच माहीत नव्हतं. किल्ली मी बायकोच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच आपणहून धाकटीच्या डावीकडच्या सीटवर बसलो. पारोळा मागे पडलं तेव्हा तिने क्षणभर पकड सैल केली. गाडी पट्टीला धरून नाकासमोर चालत राहिली. "आता सरळ आहे," ती म्हणाली. मी हो म्हणालो. माझे दोन्ही हात मांडीवर होते, आणि जळगाव येईपर्यंत मी त्यांतल्या उजव्यावर नजर ठेवून होतो.