मायच्या तोंडी परका आवाज

मादन हिप्परग्याच्या भाग्यलक्ष्मीच्या खांद्यावर कॅमेरा आला तो एका हळदीच्या घरी. तिचा थोरला भाऊ योगीराज आळंदला लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्या घरच्या म्हाताऱ्या बायकांनी त्याला उंबऱ्यावरच अडवलं. नवरीला न्हाऊ घालायलेत, तिथं बाप्या माणसाचं काय काम म्हणून. योगीराज चिडला, पण शूटिंगचा विसार घेऊन झाला होता. दिवे धरायला सोबत आलेल्या बहिणीच्या खांद्यावर त्यानं कॅमेरा ठेवला आणि म्हणाला, "लाल बटन दाब आन् गप उभी ऱ्हा."

ती गप उभी राहिली नाही. हळद लावणाऱ्या हातांच्या जवळ गेली, कोपऱ्यात डोळे पुसत बसलेल्या नवरीच्या चुलतीजवळ गेली. ती कॅसेट त्या घरानं इतक्या वेळा पाहिली की पट्टी घासून गेली. मग आळंद तालुक्यात बायाच योगीराजला सांगू लागल्या, "तुमची बहीण येणार असंल तरच शूटिंग करू."

भाग्या तेव्हा अफजलपूरच्या सासरहून माहेरी परत आलेली होती. नवरा पुण्याला बांधकामावर गेला आणि तिथंच त्यानं दुसरं घर केलं. घरात त्यावर कुणी बोलत नसे. वडील बिराप्पा वारले होते. आई पद्माबाई दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. एके काळी या घराची मेंढरं कळपानं हिंडायची. आता मागच्या अंगणात दोन शेळ्या होत्या.

२००७ साली गुलबर्ग्याला एक शिबिर भरलं. खेड्यापाड्यातल्या पोरापोरींना सिनेमाचं शिक्षण द्यायचं म्हणून दिल्लीहून निधी आला होता. बंगळूरला एका केंद्रात राहून शिकायचं, खाणंपिणं त्यांचं, वर दरमहा विद्यावेतन. चांगलं काम केलं तर पुढचं शिक्षण पुण्याला. शिबिर घेणारे चन्नबसप्पा सर मूळचे भालकीचे, मराठी बोलणाऱ्या मुलखातले. भाग्यानं काढलेली हळदीची कॅसेट त्यांनी पाहिली आणि ते मराठीतच बोलायला लागले.

"अक्का, तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

"कुणीच न्हाई, सर. बायांनी जवळ येऊ दिलं, मी गेले."

तिची निवड झाली. योगीराज मात्र भडकला.

"लगनसराई तोंडावर आन् तू बंगळूरला जायलीस? कामून?"

"शिकायला, अण्णा."

"शिकून काय पिच्चर काढणार व्हय? माझ्या धंद्याचं काय?"

पद्माबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "जाऊ दे तिला. हितं ऱ्हाऊन तरी तिला काय सुख लागलंय?"

बंगळूरला भाग्याला पहिले काही आठवडे जड गेले. शिकवणं निम्मं इंग्रजीत चालायचं. कानडी तिला येत होती, पण तिची कानडी आळंदच्या बाजाराची. वसतिगृहातल्या मुली हसायच्या. मग हळूहळू तिला कळायला लागलं. आपण जे अंदाजानं करत होतो त्याला नावं आहेत, कारणं आहेत. आणि एक गोष्ट तिला नव्यानं सापडली, ती म्हणजे आवाज. लग्नाच्या कॅसेटवर आवाज काढून टाकून वर गाणी चढवायची असंच तिनं आजवर केलेलं. इथं तिनं कानाला हेडफोन लावला, वाऱ्यात सळसळणारं झाड नुसतं ऐकलं आणि कितीतरी वेळ हेडफोन काढलाच नाही.

शेवटी प्रत्येकानं एकेक छोटा सिनेमा करायचा होता. भाग्या गावी आली आणि आईपुढं कॅमेरा लावून बसली. "माय, आपली मेंढरं कशी गेली ते सांग."

पद्माबाईनं ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. आधी ती पदर सारखा करत बसली. मग बोलायला लागली. पाऊस न झालेल्या एका साली बिराप्पानं सगळा कळप सोलापूरकडच्या व्यापाऱ्याला विकला आणि तोंड झाकून निजला. काही दिवसांनी दारात खुरांचा आवाज झाला. चांदी नावाची मेंढी एकटीच वाट काढत परत आली होती.

"दार ढकलून सरळ आत!" पद्माबाई सांगत होती. "जशी काय माहेरवाशीणच. मी म्हणलं, ये बाई, बस. दमलीस का? पाणी पी." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "मग भाकरी चारली तिला. दावं बांधलं आन् मीच नेऊन दिली आळंदच्या बाजारात, त्याच व्यापाऱ्याला. इकलेली होती की. आपली कुठं होती?"

एवढं बोलून ती पुन्हा थोडी हसली आणि शेळ्यांना पाला टाकायला उठली. भाग्यानं कॅमेरा बंद केला. आईच्या हसण्यात काय काय भरलेलं आहे ते तिला हेडफोनमधून ऐकू आलं होतं.

बंगळूरला परत गेल्यावर चन्नबसप्पा सरांनी तिला बाजूला बोलावलं.

"अक्का, सिनेमा सुंदर झालाय. पण एक अडचण हाय. निधी दिल्लीचा असला तरी चालवतेत हितले. करारात लिहिलंय, सिनेमा कानडीत पाहिजे."

"खाली कानडी अक्षरं लावू, सर."

"विचारलं मी. टीव्हीवर दाखवायचाय, अक्षरं कोण वाचतंय म्हणतेत. आवाजच कानडी पाहिजे."

"माझ्या मायचा आवाज काढून टाकायचा?"

सर बोटांतली अंगठी फिरवत राहिले. "नियम माझा न्हाई, अक्का. मी बी भालकीचा हाय, मला कळतंय. पण सिनेमा जमा केला न्हाई तर प्रमाणपत्र न्हाई. आन् पुढचं पुण्याचं शिक्षण बी न्हाई. ते बी ह्याच निधीतलं हाय."

मराठीतच सिनेमा करायला मदत मिळेल का म्हणून एका मराठी संस्थेलाही तिनं फोन करून पाहिला. पलीकडच्या बाईंनी आपुलकीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्ही राहायला महाराष्ट्रात आहात का?" भाग्या नाही म्हणाली. "मग अवघड आहे हो."

शेवटी कानडी आवाजाला भाग्यानं हो म्हटलं.

आवाज द्यायला नाटकात काम करणारी एक बाई आली. बाई गुणी होती. पडद्यावर पद्माबाईचे ओठ पाहत ती कानडीत बोलू लागली. पण मेंढी दारात येते तिथं ती हसली नाही. ती हुंदके देऊन रडली. आई हसते ते चित्र केंद्रातल्या संकलकानं कापलं आणि तिथं रिकाम्या अंगणाचं चित्र टाकलं. पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले. भाग्या मागच्या बाकावर बसून होती. हसणं पाहिजे, असं ती एकदा म्हणाली. "हसली तर लोकांना काय वाटेल?" संकलक म्हणाला.

टीव्हीवर सिनेमा लागला तेव्हा घरी सगळी गल्ली जमली होती. पद्माबाई नवं लुगडं नेसून पुढं बसली. तिचा चेहरा पडद्यावर आला, पोरांनी टाळ्या पिटल्या. मग पडद्यावरचं तोंड उघडलं आणि बंगळूरच्या बाईचा आवाज आला. पद्माबाईनं आधी टीव्हीकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"ही कोण बोलायलीय माझ्या तोंडातून?"

"माय, कानडीत करावं लागलं."

"कानडी समजतीय मला. पर मी रडले कवा? मी तर रडले न्हाई."

शेजारची राजूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "किती सोसलंस गं पद्मा!" पद्माबाई उठली आणि शेळ्यांकडं गेली. सिनेमा संपेपर्यंत ती आत आली नाही.

मूळ आवाज तरी मिळवावा म्हणून भाग्या बंगळूरला गेली. पण केंद्रातल्या कॅसेटी पुढच्या तुकडीसाठी पुन्हा वापरल्या जात. तिच्या कॅसेटवर कुठल्यातरी मुलानं रेल्वे फाटक चित्रित केलं होतं. तिनं ती पूर्ण ऐकली. मध्ये कुठं तरी आई राहिली असेल, या आशेनं. गाडीच्या शिट्ट्यांखेरीज काही नव्हतं.

मग तिनं पुन्हा आईपुढं कॅमेरा लावला. "माय, एकदाच. तुझ्याच आवाजात ठेवते."

"कामून? तुमच्याकडं बाई हाय की चांगली बोलणारी."

पुण्याच्या पुढच्या शिक्षणासाठी मुलाखत झाली. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी नेमक्या त्याच जागेची स्तुती केली. मेंढी परत येते, बाई रडते, तो क्षण तुम्ही कसा पकडलात, असं त्यांनी विचारलं. ते रडणं माझ्या आईचं नाही, हे शब्द भाग्याच्या ओठांवर आले होते. ती म्हणाली, "ती आपणहून बोलली, सर." निवड झाली. ज्या जागेसाठी आईचा आवाज दिला होता ती जागा मिळाली, आणि गावी बातमी सांगताना तिला आनंद झाल्यासारखं बोलावं लागलं.

पुण्यात तिनं ध्वनिमुद्रण हा विषय घेतला. दिग्दर्शन घे, असं शिक्षक म्हणाले, पण तिनं ऐकलं नाही. अभ्यासक्रम निम्म्यावर असताना निधी थांबला. योजनेचा आढावा सुरू आहे, एवढंच सगळ्यांना सांगण्यात आलं. बरोबरची मुलं घरोघर परतली. भाग्या एका स्टुडिओत साफसफाईला आणि केबल गुंडाळायला राहिली आणि उरलेलं तिथंच शिकली. पुढं कामं मिळू लागली. कुणाच्या माहितीपटाला आवाज धरायला नांदेड, कुणासाठी हैदराबाद. बोलणाऱ्याचं बोलणं ती कुणाला मध्येच तोडू देत नसे. त्यापायी दोन कामं गेलीही.

२०१२ च्या उन्हाळ्यात ती गावी आली. दुपारची वेळ होती. पद्माबाई ओसरीवर राजूबाईच्या नव्या सुनेशी बोलत बसली होती. सून म्हणाली, "अत्याबाई सांगतेत, तुमची मेंढी परत आलती म्हणं. तुमचं टीव्हीवर आलतं."

भाग्या दाराआड थांबली. रेकॉर्डर खांद्याच्या पिशवीतच होता. तिनं पिशवीत हात घातला, पण बटन दाबलं नाही.

पद्माबाई सांगू लागली. पाऊस, व्यापारी, कळप. मेंढी दारात आली. भाग्या हसण्याची वाट पाहत राहिली. पण त्या जागी पद्माबाई थांबली, पदर डोळ्यांना लावला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लई रडले गं मी त्या दिवशी." माहेरवाशीण, ये बाई, बस, पाणी पी, यातलं काहीच आलं नाही. गल्लीतल्या बायांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा त्या रडण्याची आठवण काढली होती, की आता तेच तिचं झालं होतं.

सून गेल्यावर भाग्या आईजवळ बसली. "माय, चांदी आली तवा तू हसली होतीस की. ये बाई म्हणलं होतंस."

पद्माबाईनं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "मेंढरं इकली तवा कोण हसंल, येडे?"

संध्याकाळी भाग्याला बस धरायची होती, औसा भागात कुणाचं तरी काम होतं. पद्माबाईनं तिच्यासाठी भाकऱ्या आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधली. विचारलं, "परत कवा येशील?" आणि उत्तराची वाट न पाहता ती शेळ्या सोडायला गेली.