कोळशाच्या गाडीला मांजर आडवं गेलं

पुसेगाव मागं पडलं होतं, वर्धनगडच्या खिंडीचा चढ समोर आला होता आणि आमचं मांजर झकास गुरगुरत होतं. मांजर म्हणजे माझी बस. दहिवडीहून कोरेगावमार्गे साताऱ्याला जाणारी आणि कोळशावर चालणारी.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल औषधापुरतं मिळायचं, म्हणून मालकानं गाडीच्या पाठीला गॅस प्लँट बसवला होता. घरी पाणी तापवायचा बंब असतो ना, तसलाच, पण माणसाच्या उंचीचा. त्यात लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा. त्यातून निघणारा गॅस नळीनं इंजिनात जायचा. जाळ फुलवायला हातानं फिरवायचा पंखा होता, तो क्लीनर तात्याकडं. तात्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. मिशा वयानं पांढऱ्या झालेल्या आणि धुरानं पुन्हा काळ्या.

असल्या गाड्यांना आम्ही ड्रायव्हर लोक मांजर म्हणायचो. पोट उबदार, आणि चालणार ते स्वतःच्या मर्जीनं. त्यातून आमची एक भाषाच झाली. इंजिन सुरळीत असलं की ‘दूध पितंय’. झटका देऊन फाटकन वाजलं की ‘शिंकलं’. नळीत कोळशाची धूळ अडकली की ‘घशात उंदीर’. ब्रेक हलके लावायचे असले की तात्या मागून सांगायचा, “पंजं आत घ्या.” तिकिटाशिवाय ऐटीत बसणारा तो ‘बोका’, आणि तो हसत उतरला की ‘मिशीला साय लागली’. चढावर माणसं उतरून गाडी ढकलू लागली की ‘पिल्लं खाली’. वेगाचं म्हणाल तर एकदा तात्या चढावर उतरला, विहिरीवर आंघोळ केली आणि तीच गाडी पुढं गाठली. कपडेही वाळले होते.

त्या दिवशी मात्र खरंखुरं मांजर आलं. करडं, शेपूट वर केलेलं. चढाच्या तोंडाशीच उजवीकडच्या निवडुंगातून निघालं आणि सावकाश डावीकडं गेलं. गाडीत एकच कालवा उठला. थांबवा, थांबवा. मी थांबवली.

आता आडवं गेल्यावर रीत अशी की दुसऱ्या कुणीतरी आधी ती जागा ओलांडायची, मग आपण. समोरून एक कुंभार बैलगाडी घेऊन येत होता. मला बरं वाटलं. पण मांजर त्यानंही पाहिलं होतं. त्यानंही कासरा ओढला.

“आवं डायवर, तुमी या की आदी,” तो तिकडून म्हणाला.

“तू ये रं. तुझी गाडी हलकी हाय.”

“माझ्यात मडकी हायत.”

“माझ्यात माणसं हायत, गड्या.”

“माणसं फुटत्यात व्हय?”

दोघंही बसून राहिलो, मधे पंधरा पावलं मोकळा रस्ता.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. गॅसची गाडी फार वेळ उभी ठेवता येत नाही. इंजिन जोरात चाललं तरच ते बंबातून हवा ओढतं आणि कोळसा फुललेला राहतो. उभ्या गाडीत जाळ मंदावतो, गॅस पातळ होतो. दहा मिनिटांत गाडी दोनदा शिंकली आणि गप्प झाली.

“मांजर निजलं,” तात्या म्हणाला. पंखा मारून उठवायला अर्धा तास तरी हवा होता.

तेव्हा मागच्या बाकावरून महादू पुढं आला. माण भागातला जवान, रजा संपवून परत निघालेला, दंडावर नाईकाच्या हुद्द्याची फीत. दुपारच्या आगगाडीनं त्याला कोरेगावाहून पुण्याला जायचं होतं. “डायवर, ही गाडी चुकली तर सकाळच्या हजेरीला मी न्हाई. फीत जातीया, वर क्वार्टर गार्डात बसवत्यात.” क्वार्टर गार्ड म्हणजे पलटणीतली कोठडी. मग तोच म्हणाला, “मीच जातो की पयला,” आणि दाराकडं वळला.

त्याची आई त्याला पोचवायला आली होती. तिनं त्याचं मनगट धरलं. तो पलटणीतला गडी, पण ते मनगट काही सुटेना.

“आये, सोड.”

“तू न्हाई,” ती म्हणाली. तिनं त्याला बाकावर बसवलं, पदर खोचला आणि काठी टेकत स्वतःच खाली उतरली. माझ्या खिडकीखालून जाताना एवढंच म्हणाली, “बसा तुमी म्हूर्त बघत.” अनवाणीच चालत ती पलीकडं कुंभाराच्या बैलांपाशी जाऊन उभी राहिली.

कुंभारानं मान खाली घातली. मग न सांगता त्यानं बैल सोडले आणि माझ्या बसला जुंपले. पुढून बैल, मागून पिल्लं. खिंड अर्धा मैल होती; तात्या पुढं आयुष्यभर दोन मैल सांगायचा, मी कधी खोडलं नाही.

माथ्यावर गाडी गिअरमध्ये घालून सोडली. उतारावर चाकंच इंजिन फिरवू लागली, इंजिन हवा ओढू लागलं, विझत आलेला कोळसा फुलला. तिसऱ्या वळणाला मांजर गुरगुरलं. ब्रेक असे तापले होते की कोरेगाव स्टेशनावर तात्यानं चाकाला लावून बिडी पेटवली. आगगाडी हलली होती. महादूनं धावत डबा पकडला, त्याची ट्रंक मी खिडकीतून ढकलली.

साताऱ्यात मालकानं उशिराचं कारण विचारलं. मांजर आडवं गेलं, पॅसेंजरांनी थांबवायला लावलं, असं मी सांगितलं. मालक तोंड उघडून बसले, मग हळूच म्हणाले, “काळं होतं का?” करडं म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला आणि विषय संपवला. पॅसेंजर ओरडले ते खरंच. पण त्यांच्या आधी माझाच पाय ब्रेकवर गेला होता. ते मी सांगितलं नाही.

संध्याकाळी परतीच्या खेपेला महादूची म्हातारी कोरेगावला चढली. मी तिला माझ्या शेजारी पुढं बसवलं. खिंड चढताना विचारलं, आवं आजी, तुमाला भ्या न्हाई वाटलं?

“वाटलं की,” ती म्हणाली. “म्हणून तर त्याला न्हाई जाऊ दिलं.”

महादू लढाईवरून परत आला, आणखी एक फीत लावून. म्हातारी त्यानंतरही बरीच वर्षं माझ्या गाडीनं बाजाराला येत होती. मी यातून धंद्यापुरतं शिकलो ते एवढंच: कोळशाची गाडी मांजरासाठी थांबवू नये. थांबवायचीच असेल तर खिंड ओलांडून, उतारावर.