कुंडीत सोडलेलं पाणी

माझा मोठा भाऊ फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास नागपुरात गेला. हृदयविकाराचा झटका. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. वय बावन्न. वहिनीचा फोन मला मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या घरी आला तेव्हा इथे त्याच दिवशीची सकाळ होती, पावणेदहा. आमची आई स्वयंपाकघरात खिडकीशी बसून मेथी निवडत होती.

आईला सांगायचं नाही, हे त्याच फोनवर ठरलं. आई शहात्तर वर्षांची. वर्षापूर्वी पेसमेकर बसवलेला. नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे आली होती आणि परतीचं तिकीट एप्रिलच्या शेवटी होतं.

"भाऊजी, आईंना आत्ता नका सांगू," वहिनी म्हणाली. "इकडे आल्या की आम्ही सगळे असू. तिकडे त्यांचं कोण आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी होतो. तरी मी "बरं" म्हणालो. का म्हणालो ते तेव्हाही कळलं नाही.

सव्वादहाला मी आंघोळ केली. सातला एकदा झाली होती. मृत्यूची बातमी कळली की आमच्याकडे आंघोळ करतात. मी काही ठरवून केलं नाही, पाय बाथरूमकडे वळले. बाहेर आलो तर आई दारात उभी. "पुन्हा काहून रे?" तिने विचारलं. बाहेरचा बर्फ काढताना घाम आला, असं मी सांगितलं.

माझा व्हिसा नूतनीकरणात अडकला होता. देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नव्हती. अंत्यविधी मी गॅरेजमध्ये गाडीत बसून फोनवर पाहिला. चित्र तीनदा थांबलं.

मी नागपुरात एका दैनिकाच्या डेस्कवर अकरा वर्षं काम केलं आहे. बातमीतल्या विसंगती पकडणं हे माझं काम होतं. त्यामुळे आईला काय सांगितलं आणि कधी, हे मी एका वहीत लिहून ठेवू लागलो. भाऊ कंपनीच्या कामासाठी दुबईला गेला आहे: बुधवार. तिथे व्हिडिओ कॉल चालत नाहीत: रविवार. त्याचा घसा बसला आहे: दुसरा रविवार. आई प्रत्येक वेळी ऐकून "हं" म्हणायची आणि पुढचं काही विचारायची नाही. मी त्याचा अर्थ असा लावला की तिला पटतंय.

बाहेरच्यांपैकी खरी गोष्ट फक्त आमच्या शेजारणीला माहीत होती. त्या कृष्णवर्णीय आहेत, निवृत्त शाळाशिक्षिका, डेट्रॉइटमध्ये वाढलेल्या. आईला इंग्रजी येत नाही आणि त्यांना मराठी, तरी दोघींचं चांगलं जमलं होतं. इकडून लिंबाचं लोणचं जायचं, तिकडून रताळ्याचा 'पाय' यायचा, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. अंत्यविधीच्या दिवशी त्यांनी मला गॅरेजमध्ये पाहिलं, म्हणून त्यांना सांगावं लागलं.

"आणि तिला माहीत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हनी, मग ती कोणाजवळ रडणार?"

मी म्हटलं, तिला माहीतच नाही तर रडेल कशी.

डेट्रॉइटमध्ये त्यांच्या ओळखीच्या लोकांचं एक छोटं नाट्यगृह आहे. पूर्वी ते छापखाना होतं. शंभरेक खुर्च्या. त्या तिथे दारावर तिकिटं फाडतात. महिनाअखेरीस त्यांनी आम्हाला रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला बोलावलं. "काही सांगू नकोस तिला," त्या म्हणाल्या, "नुसती घेऊन ये." आई आठ दिवस घराबाहेर पडली नव्हती. बायकोला ऑफिसचं काम होतं. आम्ही दोघं गेलो.

नाटक एका न्हाव्याच्या दुकानाचं होतं. दुकानाचा मालक तीन दिवसांपूर्वी वारला आहे. गिऱ्हाइकं एकेक करून येतात, त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात आणि त्याच्याविषयी काहीतरी सांगतात. मुलाला खुर्ची विकायची आहे. एवढीच गोष्ट.

मला नाटक कळत होतं, प्रेक्षक कळत नव्हते. आमच्याकडे तिसरी घंटा झाली की कोणी खोकलं तरी माना वळतात. इथे लोक नटांशी बोलत होते. "सांग, बाळा, सांग," मागून एक बाई म्हणाल्या. "खोटं बोलतोय तो," दुसरीकडून कोणीतरी, आणि हशा पिकला. एक म्हातारा गृहस्थ उठून उभे राहिले आणि रंगमंचावरच्या मुलाला म्हणाले, "माझ्या भावाचीही अशीच खुर्ची होती. मी विकली. तू विकू नकोस." नट थांबला. त्याने मान हलवली, मग पुढचं वाक्य घेतलं.

हे नाटकात लिहिलेलं होतं की नव्हतं, मी नंतर शेजारणीला विचारलं. त्या म्हणाल्या, "कधी असतं, कधी नसतं." त्या दिवशी काय होतं, ते मला अजून माहीत नाही.

आई मला मधूनमधून विचारत होती. "तो पोरगा काहून रडून राहिला?"

"दुकान विकायचंय," मी म्हटलं.

"दुकानासाठी इतकं?"

मी तिला गप्प राहायची खूण केली. आजूबाजूला सगळे बोलत होते. गप्प फक्त आम्हीच होतो.

शेवटी पडदा पडला नाही. नटांनी मातीने भरलेली एक मोठी कुंडी मध्यभागी आणून ठेवली, तिच्यात एक रोप होतं. शेजारी पाण्याचा जग. न्हाव्याच्या बायकोचं काम करणारी नटी पुढे आली आणि म्हणाली, या खोलीत आज ज्यांना ज्यांना आपण मनात सोबत आणलं आहे आणि जे आता नाहीत, त्यांची नावं घ्या. लोक जागेवरून नावं घेऊ लागले. प्रत्येक नावानंतर ती कुंडीत थोडं पाणी ओतायची आणि सगळे मिळून एक शब्द म्हणायचे. तो आफ्रिकेतल्या कुठल्याशा भाषेतला आहे, अर्थ 'तथास्तु'च्या जवळचा. शेजारणीने बहिणीचं नाव घेतलं. तो म्हातारा पुन्हा उठला. काहींना नाव पूर्ण घेता येत नव्हतं, तेव्हा शेजारचे ते पूर्ण करायचे.

"कोणाची नावं घेऊन राहिले?" आईने विचारलं.

"घरच्यांची," मी म्हटलं. "आशीर्वाद मिळावा म्हणून."

हे मी का सांगितलं, याचं कारण मला देता येत नाही. खरं भाषांतर मला येत होतं.

आई कुंडीकडे बघत होती. "पाणी सोडून राहिले ना रे," ती म्हणाली.

"झाडाला घालतायत, आई."

ती उठली. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि तिने माझ्या भावाचं नाव घेतलं. घरी ती त्याला नेहमी लाडाच्या नावाने हाक मारायची. या वेळी तिने पूर्ण नाव घेतलं: त्याचं, वडिलांचं, आडनाव. वडिलांचं नाव तिच्या तोंडून मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं. नटीने पाणी ओतलं. शंभर माणसांनी तो शब्द म्हटला. मागच्या बाईंनी आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

मला काही समजेना. आशीर्वादाचं मीच सांगितलं होतं, तर तिने जिवंत मुलासाठी आशीर्वाद मागितला, असंही असू शकत होतं. मग पूर्ण नाव का? आणि मुलगा गेल्याचं तिला माहीत असेल, तर ती रडत का नव्हती? मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावरून काही सांगता आलं नसतं.

परतीच्या वाटेवर ती दोन वाक्यं बोलली. हीटर वाढव. आणि, त्या बाईंचा हात गरम होता.

घरी पोहोचल्यावर ती कोट काढून थेट बाथरूममध्ये गेली. वीस मिनिटं पाणी चालू होतं. बाहेर आली ती डोक्यावरून आंघोळ करून. केस टॉवेलमध्ये गुंडाळलेले. मी स्वयंपाकघरात उभा होतो.

"त्या मंगळवारी तू दोनदा आंघोळ केली," ती म्हणाली.

"बर्फ काढला होता, आई."

"बर्फ त्या दिवशी पडला नव्हता. मी खिडकीतच बसली होती." ती खुर्चीवर बसली. "फोन आला, तुझा आवाज बारीक झाला, मग तू अंगावर पाणी घेतलं. मी काय आज आली का या घरात?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे इतकं जपून राहिले होते मला. म्हटलं, तुम्हाला जमतंय तोवर राहू द्यावं." मग म्हणाली, "आणि दुबईचं कोणी सुचवलं?"

"मी."

"पेपरात होता तू अकरा वर्षं," ती म्हणाली.

मला हसू आलं की रडू, ते आठवत नाही. वही ड्रॉवरमध्ये होती. ती मी तिला दाखवली नाही.

"त्याला त्रास झाला का फार?" तिने विचारलं.

"नाही. अर्धा तास."

"तेरावं नीट झालं?"

"झालं."

"वहिनीला फोन लाव."

मी म्हटलं, तिकडे आत्ता पहाटेचे साडेचारही वाजले नाहीत. ती म्हणाली, तुझी वहिनी जागीच असेल.

फोन पाच बावन्नला लावला. दुसऱ्या रिंगला वहिनीने उचलला. आईने तो माझ्या हातातून घेतला, स्पीकर बंद करायला लावला, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कॉल एक्केचाळीस मिनिटांचा झाला, अशी फोनमध्ये नोंद आहे.