चौथ्या चाकूची धार

हत्यारांच्या दुकानात ती चौथ्यांदा शिरली, तेव्हा दुकानदाराने "या" म्हणण्याचेही कष्ट घेतले नाहीत. मुकाट्याने चाकूंचा खण ओढून काउंटरवर ठेवला. तिनेही मुकाट्याने आपला उजवा हात पाठीमागे धरला आणि एकट्या डाव्या हाताने एकेक चाकू उघडून बघायला सुरुवात केली. शेजारी खिळे मोजून घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने हाताला काय लागलं म्हणून चौकशी केली. तिने सांगितलं, हात वडिलांचा गेलाय, ताप फक्त तिच्या डोक्याला आहे.

वडील एका नर्सरीत कलमं बांधत. तीस वर्षं तेच काम, त्यामुळे त्यांचं नाव कुणी घेतच नसे, सगळ्यांचे ते कलमवाले. खुंटाला तिरका काप द्यायचा, वर बसवायच्या काडीलाही तस्साच काप द्यायचा, दोन्ही एकमेकांना असे भिडवायचे की मधून उजेड दिसता कामा नये, आणि वरून पट्टी आवळायची. ऐकायला सोपं. त्यांनी बांधलेला गुलाब मात्र मरायचं नावच घेत नसे, आणि लोक रोप उलटंपालटं करून 'हे त्यांच्याच हातचं ना' असं विचारून नेत.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारले, बोलणं सुधारलं (जरा जास्तच सुधारलं, असं लेकीचं मत), पण उजवा हात तसाच राहिला. बोटं आत वळलेली, अंगठा कुणाचं ऐकायला तयार नाही. काडी नुसती अडकवून धरण्यापुरता तो हात उपयोगाचा. यायची ती शक्ती पहिल्या वर्षात येते, असं डॉक्टर म्हणाले होते. वर्ष उलटून दोन महिने झाले होते, पण ही गोष्ट घरात कुणी काढत नसे. घरात होतीच दोघं.

नर्सरीच्या मालकाने निरोप धाडला होता, की हंगाम पंधरा दिवसांवर आलाय. डाव्या हाताने जमत असेल तर तुमचं टेबल तुमचंच आहे, नाहीतर फाटकाशी खुर्ची टाकतो, जाणाऱ्या रोपांवर लक्ष ठेवा. माणूस वाईट नव्हता. पण बाबांनी तो निरोप ऐकून दोन दिवस धड जेवण केलं नाही.

म्हणून आपलं छोटं दुकान मधूनमधून बंद ठेवून तिने चाकूचं मनावर घेतलं. जुना चाकू नखाने पातं ओढून उघडायचा, तो एका हाताने उघडणं शक्यच नव्हतं. तिने नवा आणला, बटण दाबलं की खट्कन उघडणारा. तो खिशातच उघडला. खिसा फाटला, मांडी थोडक्यात वाचली, आणि खिसा शिवत बसली ती. मग दुसऱ्या खेपेला जाड रबरी मुठीचा आणला, तर बाबांनी तो तळहातावर तोलला आणि हा चाकू आहे की खलबत्त्याचा दांडा, एवढंच विचारलं. तिसरा उघडायला सोपा, पण मिटायला दोन हात लागायचे. दिवसभर उघडं पातं घेऊन झाडाझुडपांत हिंडायचं का, हा प्रश्न रास्तच होता, त्यामुळे तिला धड भांडताही आलं नाही.

आता हा चौथा. पात्याच्या पाठीला एक कडी, तीत बोट घालून झटका दिला की उघडतो, मांडीवर दाबला की मिटतो. मूठ लाकडी, हलकी. तिने दुकानात वीस वेळा उघडमीट केली आणि घरी येताना वाटेत आणखी दहा वेळा.

बाबांनी तो डाव्या हाताने पहिल्याच खेपेला उघडला. मिटला. पुन्हा उघडला. तिचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी उजव्या हाताच्या वळलेल्या बोटांत गुलाबाची काडी अडकवली आणि काप घेतला. पातं सरळ जाईना. आत शिरलं, वर आलं, काप खोलगट आणि लाटेसारखा झाला. दुसरी काडी, तेच. तिसरीला त्यांनी चाकू बाजूला सारला.

"पातं भिकार आहे," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

इथे तिचा पारा चढला. तिने चाकू उचलला, चपला अडकवल्या आणि भर दुपारी तरातरा दुकान गाठलं. भिकार पातं विकतात म्हणून तिने दुकानदाराला जे सुनावलं, ते वडिलांना सुनावायचं होतं. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि कापतात कोणत्या हाताने, एवढंच विचारलं.

कलमाचा चाकू म्हणे एकाच अंगाने घासलेला असतो. एक बाजू सपाट, दुसरीला उतार. उजव्या हातात तो सरळ चालतो, डाव्यात धरला की लाकडात घुसतो. सगळे चाकू उजव्या हाताचेच येतात. आमचा कारागीर उलट बाजूने घासून देईल, पण एकदा घासला की मग उजव्याला चालायचा नाही. "पण ताई," तो म्हणाला, "हे कलमवाल्याला सांगावं लागतं? तो तर पोटातून शिकून येतो."

ती परतली तेव्हा बाबा तिथेच बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"चार चाकू, बाबा. माझं दुकान बंद ठेवून चार खेपा घातल्या मी. एका शब्दाने सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी वळलेला उजवा हात मांडीवर उचलून घेतला. मग म्हणाले, "डाव्या हाताचा चाकू घरात आला असता, तर मग ह्या हाताचं काय?"

तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच चीड आली. एवढा हुशार माणूस, आणि नुसत्या आशेपायी तिला हेलपाटे घालायला लावतो. "तो हात येणार नाही," ती म्हणाली. चौदा महिन्यांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. म्हणून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानाच्या किल्ल्या शोधत होती, तर बाबा चाकू खिशात घालून दाराशी उभे. तिने किल्ल्या शोधणं सोडलं आणि चपला अडकवल्या.

हत्यारांच्या दुकानामागे, दगडाच्या चाकापाशी कारागीर बसला होता. त्याने चाकू उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने धार चाचपली आणि मान वर न करताच विचारलं, "डावखुरे का?"

"आजपासून," बाबा म्हणाले.

कारागिराने चाक सुरू केलं. मग उतार किती ठेवायचा यावरून दोघांची चांगलीच जुंपली. बाबा म्हणत जास्त, कारागीर म्हणे कमी, आणि दोघंही मागे हटेनात. तिच्या दुकानाच्या कुलपाशी दोन गिऱ्हाइकं ताटकळत असणार हे तिला माहीत होतं, तरी तिने एका खोक्यावर बैठक मारली आणि त्यांना भांडू दिलं.