काचेच्या कठड्याजवळचं फुलपात्र

माझ्या आईला पाण्याची सोबत लागते. प्यायला नव्हे, पाहायला. भूकंपात आमच्या घराचं मातीचं माळवद बसलं आणि माझा थोरला भाऊ त्याखाली गेला. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना तिथल्या सगळ्याच बायकांना ही सवय लागली. उशाशी फुलपात्र भरून ठेवायचं, पाणी हललं की पोरांना उचलून बाहेर पळायचं. बाकीच्यांची सवय सुटली, आईची नाही. ते पाणी ती पीत नसे, कुणाला पिऊही देत नसे. सकाळी झाडाला घालायची. आणि जिन्याचं तर नावच काढायचं नाही. लातुरात आम्ही कायम खालच्याच मजल्यावर राहिलो.

बघता बघता लातूर क्लासेसचं गाव झालं आणि एका क्लासमध्ये माझी लेक पहिली आली. सत्कार शहरातल्या नव्या सभागृहात होता, पालकांच्या खुर्च्या वरच्या सज्जात. मी दिवसभर नोकरीत, लेकीला वाढवलं ते आईनंच. "पोरगी वर बघंल अन् म्या नसले तर?" असं म्हणत ती निघाली, पण पिशवीत फुलपात्र आणि पाण्याची बाटली घेऊनच.

जिना ती भिंत धरून चढली. सज्जात पाऊल टाकलं आणि जागीच थिजली. "आगं, कठडा कुटं हाय?"

खरं सांगते, क्षणभर मलाही दिसला नाही. कमरेएवढी नितळ काच, ना गज, ना चौकट. पलीकडे अख्खं सभागृह, दिवे, डोकीच डोकी, आणि आपण अधांतरी. मी भान हरपून पाहत राहिले. मग बोटानं काच वाजवून दाखवली.

"दोन हात रुंद भिंती ऱ्हायल्या न्हाईत, अन् ही काच ऱ्हातीया व्हय?"

तिनं काचेच्या पायाशी फुलपात्र ठेवलं, बाटलीतलं सगळं पाणी त्यात ओतलं आणि समोर मांडी घातली. लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिच्यापुढे कुणाचं चालतंय?

लेकीचं नाव पुकारलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पाण्यावर वर्तुळं उठली. आईनं माझं मनगट आवळलं. आता ही पळणार, हे मी धरूनच चालले. पण तिनं हात काचेवर टेकला. काच जागची हलली नाही. आणि त्याच काचेतून, बसल्या जागेवरून, तिला नात दिसली: मान वर करून सज्जात कुणाला तरी शोधणारी. आई हळूहळू उभी राहिली, दोन्ही हात काचेला लावून.

"पडंना की गं," ती पुटपुटली. "कायच पडंना."

थोड्या वेळानं लेक धावत वर आली, घामाघूम. "आजी, पाणी!"

मी बाटली उलटी करून दाखवली. आई वाकली, खालचं फुलपात्र उचललं आणि नातीच्या हातात दिलं. "पी बाळा. बसून पी."