तिसऱ्या बटणावर नजर

त्यानं माझं नाक दाबलं. तोंड आपोआप उघडलं. मग मोठ्या सिरिंजनं घशात रम सोडली.

रविवारची दुपार. सीनियर मॅच जिंकले होते. आम्हा पहिल्या वर्षाच्या मुलींना हॉस्टेलच्या गच्चीवर बोलावलं होतं. अमरावतीच्या आमच्या मेडिकल कॉलेजात नियम होता: सीनियरसमोर नजर आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. मी वर पाहिलं नाही. बटण ओलं होताना पाहिलं.

"चांदूर बाजारची फुलवाली ना तू? घे, इंग्लिश दारू म्हणजे इंग्लिश मीडियम! थँक्यू म्हण."

माझी आई बाजारात फुलं विकते. तो सिरिंजवाला सीनियर अकोल्याच्या बड्या डॉक्टरचा मुलगा. मी खोकत होते. त्यानं केस धरून माझं डोकं पाण्याच्या टाकीवर आपटलं. "म्हण!"

"थँक यू, सर."

सगळे हसले.

पुढे वर्गात दारूवर एक लेक्चर झालं. यकृत, फुगलेलं पोट, थरथरणारे हात. पेशंटला विचारायचे प्रश्न पाठ केले. दारू पिणारा कायम खाटेवरच असतो, असं ते शिक्षण. पुढच्या बाकावरून दारूचाच वास येत होता. सरांनी खिडकी उघडायला सांगितली. बस्स.

मी तिसऱ्या वर्षाला आले तेव्हा वॉर्डात तो गच्चीवरचा सीनियर इंटर्न होता. बाळापूरचा एक पेशंट. दारू अचानक बंद झाल्यानं बरळत होता, सलाईन उपटत होता. या इंटर्ननं त्याच्या कानाखाली वाजवली.

"बेवड्या, घरीच मरायचं ना!"

पेशंटची बायको मध्ये पडली. "मारू नका सायेब. बिमार हाये तो. डॉक्टर असून काहून मारून राहिले?"

यानं तिला ढकललं. पुन्हा मारलं. पेशंटच्या नाकातून रक्त आलं.

"ए फुलवाली, जबडा धर याचा."

मी धरला. खाली वाकले तेव्हा वास आला. पेशंटचा नाही. याचा. गच्चीवरचाच.

मी हात काढला. बटणावरून नजर उचलली. राउंडला आलेले सर दारात उभे होते. त्यांच्यासमोर मी याला पाठ केलेला प्रश्न विचारला.

"सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का, सर?"

त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. दात ओठात रुतला.

दारातले सर म्हणाले, "बेटा, प्रॅक्टिकल जवळ आलीत तुझी. सोडून दे."

मी ओठ पुसला नाही. तसाच घेऊन डीनसमोर उभी राहिले. नाव सांगितलं. सिरिंज सांगितली. दारातल्या सरांचंही नाव सांगितलं.

आता नापास करतील. करा. मी पुन्हा बसेन. याच वॉर्डात येईन. पेशंटला हात लावणाऱ्या प्रत्येकाला तो प्रश्न आधी विचारीन. डोळ्यांत बघून.